सतरा हत्यारं आणि देवीची पेटी

माझ्याकडे सतरा हत्यारं आहेत. हे वाक्य मी पूर्वी चारचौघांत सहज बोलून जायचो. आता आधी ‘घाबरू नका’ म्हणतो, मग हत्यारं म्हणतो, आणि तरीही समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकतोच. तलवारी नाहीत हो. कोयतासुद्धा नाही. सगळ्यात मोठं हत्यार माझ्या करंगळीपेक्षा जरासं लांब आहे आणि त्याने फार तर दातात अडकलेलं सुपारीचं खांड निघेल. मी कुलपं उघडतो. चावीशिवाय. छंद म्हणून.

लोक काय काय करतात! आमच्या विमा कचेरीतले साहेब दर रविवारी पहाटे उठून पक्षी मोजतात, त्यांना कोणी पक्षीचोर म्हणत नाही. मी मात्र बाल्कनीत बसून स्वतःच्या पैशाने आणलेलं स्वतःचं कुलूप स्वतः उघडलं, तर समोरच्या इमारतीतल्या बाई पडदे ओढून घेतात. या छंदाचे कायदे फार कडक असतात हे कोणाला माहीतच नसतं. परक्याचं कुलूप मालकाने सांगितल्याशिवाय उघडायचं नाही, आणि रोजच्या वापरातलं कुलूप तर स्वतःचं असलं तरी उघडायचं नाही. लग्नानंतर माणूस इतके नियम पाळत नाही.

विद्या साधी आहे. कुलपाच्या पोटात पाचसहा बारीक खुंट्या असतात. चावी त्यांना नेमक्या उंचीवर उचलते. तेच काम दोन काड्यांनी करायचं. एकीने हलका पीळ देऊन धरायचं, दुसरीने एकेक खुंटी उचलत जायचं. खुंटी जागेवर बसली की बोटाला ‘टिक’ लागतं. ऐकू येत नाही, लागतं. त्या एका टिकसाठी मी जेवणाची दोन ताटं गार केली आहेत, आणि त्यावर बायकोने, म्हणजे रुचिराने, जे ऐकवलं ते मात्र नीट ऐकू आलं.

तर सगळा घोटाळा झाला तो एका पाकिटामुळे. माझ्या वाढदिवसाला रुचिराने मला हत्यारं ठेवायला चामड्याचं सुरेख पाकीट दिलं. त्यात कप्पे पाच आणि हत्यारं सतरा. म्हणजे लाडकी पाच निवडणं आलं. आता ज्याला एकच मूल आहे त्याला हे कळायचं नाही. एक मी गाडीच्या वायपरमधल्या पोलादी पट्टीतून घासून काढलं होतं, त्याचं नाव उस्ताद. एक करवतीच्या पात्याचं, एक सायकलच्या आऱ्याचं, तेरा विकतची, गुळगुळीत, परदेशी तोंडवळ्याची. आणि एक बावळट. बावळट हे माझं पहिलंवहिलं हत्यार, मोडक्या छत्रीच्या काडीचं. जरा जोर दिला की ते मान टाकायचं. पण पहिलं अपत्य म्हणून ठेवलं होतं.

निवड करायची तर परीक्षा घ्यायला हवी, आणि परीक्षेला अनोळखी कुलपं हवीत. ही गोष्ट मी शेजारच्या गोदाकाकूंना सांगितली, आणि तिथे माझं चुकलं. रत्नागिरीत घरटी एक डबा असतो. त्यात चाव्या नसलेली कुलपं आणि कुलपं नसलेल्या चाव्या असतात, आणि कधीतरी उपयोगाला येतील म्हणून तो तीन पिढ्या जपतात. गोदाकाकूंनी आपला डबा आणला. दुपारपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली आणि संध्याकाळी माझ्या दारात अकरा कुलपं, एक सुटकेस आणि चिवड्याच्या डब्याला कुलूप लावणारे एक आजोबा, एवढं सगळं उभं होतं.

“श्वास धरून करा हो,” आजोबा म्हणाले.

“श्वास नका धरू, रामरक्षा म्हणा,” गोदाकाकू म्हणाल्या. “आणि ती वाकडी काय घेतलीत? सरळ घ्या. आमचे हे नेहमी सरळ घ्यायचे.” त्यांचे ‘हे’ तलाठी होते.

अकरापैकी आठ उघडली. तीन उघडली नाहीत, आणि सोसायटीत चर्चा झाली ती त्या तिघांचीच. चौथ्या दिवशी फलकावर सूचना लागली: ‘सभासदांनी कुलूप उघडण्यापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी.’ माझं नाव नव्हतं, पण खाली पेनाने कोणीतरी बाण काढून माझा खोली क्रमांक लिहिला होता. शिवाय सूचना इतकी ढोबळ होती की दुसऱ्या दिवशी दोन सभासद स्वतःचं दार उघडण्याची परवानगी मागायला खरोखरच अर्ज घेऊन गेले. सचिवांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

अशा अपमानित अवस्थेत मी असताना, शिमग्याच्या चार दिवस आधी, माझे सासरे रघूआबा एसटीतून उतरून दारात उभे राहिले.

रघूआबा राहतात सावर्ड्याच्या आत नऊ किलोमीटरवर, फणसकोंडात. वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या छंदाला ते ‘चोराची इद्या’ म्हणत, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघत, म्हणजे मला वाईट वाटू नये. त्या दिवशी मात्र चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, “जावईबुवा, तुमची ती हत्यारं बगू.”

मी सतराही मांडली. बारा वर्षांत सासऱ्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी एकेक उचलून डोळ्याजवळ धरलं. मग म्हणाले, “चावी हरवली.”

“कसली चावी?”

“माज्याकडं दुसरी चावी हाय कंची? द्येवीच्या पेटीची!”

रुचिराने कपाळावर हात मारला. मलाही घाम फुटला, कारण त्या चावीची गोष्ट आबांच्या घरात जावई म्हणून आलेल्या माणसाला पहिल्या पंगतीतच सांगतात. गावदेवीचे चांदीचे मुखवटे, ज्यांना गावात रूपं म्हणतात, ते वर्षभर देवळातल्या सागवानी पेटीत असतात. शिमग्याला पेटी उघडते, रूपं पालखीत बसतात आणि पालखी घरोघर नाचत जाते. पेटीला एक पितळी कुलूप, दाबलं की बसणारं, आणि त्याची एकच चावी. ती चावी पिढ्यान्‌पिढ्या रघूआबांच्या घराकडे. हा त्यांचा मान. आणि गावाचा नियम असा की ज्याच्याकडे चावी असताना कुलूप मोडावं लागेल त्याच्या घरचा मान गेला. मग चावी जाणार बाळाकडे, म्हणजे वरच्या वाडीच्या पुढाऱ्याकडे. हा बाळा पंचावन्न वर्षांचा आहे, त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि त्याला ‘बाळा’ म्हणायला गाव अजून घाबरत नाही, हेच त्याचं दुःख आहे.

“सावर्ड्यात कुलूपवाला बसतो ना?” मी म्हणालो.

“परक्याचा हात पेटीला लागायचा नाय,” आबा म्हणाले. “तुमी घरचे.”

घरचे! मी आत जाऊन आरशात पाहून आलो.

पाच हत्यारं निवडायचा प्रश्न आता आपोआप सुटला. विरुद्ध बाजूला देवी असताना माणूस चांगल्यात चांगलंच नेतो. उस्ताद घेतलं, करवतीच्या पात्याचं घेतलं, तीन विकतची घेतली, पाकीट खिशात टाकलं आणि पालखीच्या दिवशी सकाळी आम्ही फणसकोंडात पोचलो.

देवळात दोनशे माणसं होती. निम्मी गावची, निम्मी मुंबईहून आलेली. आणि जी येऊ शकली नव्हती त्यांच्या वतीने मुंबई मंडळाचे अध्यक्ष व्हिडिओ कॉलवर होते. तो मोबाईल बाळाने हातात उंच धरला होता. त्याच्या दुसऱ्या हातात पिशवी होती आणि पिशवीतून ग्राइंडरची वायर लोंबत होती.

“दोन मिन्टाचं काम हाय,” बाळा म्हणाला. “कशाला जावयाला त्रास?”

“कुलूप मोडायचं नाय,” आबा म्हणाले.

“मोडत नाय, कापतो.”

यावर कापणं म्हणजे मोडणं की नाही, अशी अर्धा तास चर्चा झाली. मुंबई मंडळाने ठराव मांडला, ग्रामीण मंडळाने तो ऐकू आला नाही असं सांगितलं. मग गावच्या पोलीस पाटील तेजस्वीताई पुढे आल्या. तरुण, हुशार आणि हातात वही. “आधी अर्ज लागेल,” त्या म्हणाल्या. “चावीशिवाय कुलूप उघडायचं म्हंजे उद्या काय कमीजास्त झालं तर?” मी पायरीवर बसून लिहिलं: ‘मी खाली सही करणार स्वखुशीने व कोणत्याही लोभाशिवाय देवीचे कुलूप उघडू इच्छितो.’ त्यांनी आधार कार्ड मागितलं. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. विमा कचेरीत मी लोकांना याहून कमी वेळ ताटकळत ठेवतो असं मला तोवर वाटत होतं. आता खात्री राहिलेली नाही.

अर्ज मंजूर झाला. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन पाकीट काढलं आणि मोरू गुरव ओरडला, “थांबा! चामडं?”

चामडं देवीसमोर चालत नाही. माझं वाढदिवसाचं पाकीट एका मुंबईकराने दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखं बाहेर नेलं. पाचही हत्यारं केळीच्या पानावर मांडली गेली. दोनशे माणसं वाकून बघू लागली.

“यातलं कंचं लावणार?” गुरवाने विचारलं.

“ते मी ठरवतो ना. पाचही लागतील कदाचित.”

“तुमी कसं ठरवणार? कुलूप द्येवीचं. तीच सांगंल.”

कौल! मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने उस्ताद पानावरून उचलून मूर्तीसमोर ठेवलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. “आई, तुजी रूपं आत हायेत, तुजी लेकरं भायेर हायेत...”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव.

“आमच्या आबाच्या जावयानं ह्ये वाकडं हत्यार आनलंय, त्ये लावावं का?”

“व्हय म्हाराजा!”

डावी पाकळी पडली. पट्टी महिनाभर घासून केलेलं माझं उस्ताद नापास झालं. करवतीच्या पात्याचं तर गुरवाने कौलालाही लावलं नाही. ‘कापायचं हत्यार’, विषय संपला. विकतच्या तिघांना ओळीने डावा कौल. तिसऱ्याच्या वेळी अध्यक्षांनी मुंबईहून विचारलं, “स्टेनलेस आहे का? स्टेनलेस असेल तर एकदा पुन्हा विचारा.” पुन्हा विचारलं. पुन्हा डावा.

बाळाने पिशवीत हात घातला. रघूआबांचा चेहरा पाहून रुचिरा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “काहीतरी करा ना.” ती सहसा मला ‘काही करू नका’ म्हणते.

तेवढ्यात बाहेरून तो मुंबईकर आला. त्याने माझं पाकीट तपासून, म्हणजे झटकून पाहिलं होतं, आणि अस्तरात अडकलेली एक काडी पडली होती. बावळट! ते पाकिटात कसं शिरलं देवीला ठाऊक. मी लाजून म्हणालो, “ते राहू द्या, ते काही कामाचं नाही.” पण गुरवाने ठेवलंसुद्धा. गाऱ्हाण्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली आली.

“व्हय म्हाराजा!” देऊळ दणाणलं. ढोलावर थाप पडली. मला मात्र रडू यायचं बाकी होतं, कारण या जगात माझ्यापाशी कुलपं उघडायला जे काही आहे त्यातलं सगळ्यात कुचकामी हत्यार माझ्या हातात आलं होतं.

“दोन लागतात,” मी क्षीण आवाजात म्हणालो. “एक पीळ द्यायला.”

“द्येवीनं एकच दिलं,” गुरव म्हणाला.

तेव्हा आबांनी कनवटीची चंची सोडली आणि चुना लावायची पितळी चपटी काडी काढली. “ही पेटीसमोर चाळीस वर्सं माज्या कमरेला हाय,” ते म्हणाले. “हिला कौल नको.” गुरव बाजूला सरकला. मी तिचं टोक वाकवलं तेव्हा आबांनी डोळे मिटून घेतले.

एका आजीने खोबरेल तेल पुढे केलं. कुलपात तेल घालू नये, आत चिकटा धरतो, हे मी सांगितलं आणि तेजस्वीताईंची पेन्सिल मागून तिच्या शिशाची पूड फुंकली. एवढ्यानेच माझी पत वाढली. “शिकलेला हाय,” मागून कोणीतरी म्हणालं.

मग मी मांडी घातली. शेजारी आबा बसले. आमच्या दोघांच्या पाठी लोकांकडे आणि तोंडं पेटीकडे. पहिली खुंटी लगेच बसली. दुसरीही. तिसरी एका वाकड्या कडेच्या मागे दडलेली होती आणि तिथे कळलं की उस्ताद किंवा दुसरं कुठलंही ताठ हत्यार तिच्यापर्यंत पोचलंच नसतं. बावळटाने मात्र सवयीप्रमाणे मान टाकली, आणि मान टाकून ते बरोबर त्या कडेखालून आत गेलं. टिक! मी त्या काडीची मनातल्या मनात क्षमा मागितली. मागून सल्ले येत होते. “उजवीकडं!” “दमानं!” “पिळा!” मुंबईहून “आवाज येत नाहीये!” असा सल्ला आला. चौथी बसली. पाचवीला तीनदा हात घसरला. माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पेटीवर पडला आणि पुसायला हात नव्हता, तो आबांनी धोतराच्या सोग्याने पुसला.

टिक. काडी फिरली. कुलूप उघडलं.

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. ढोल, ताशे, शिट्ट्या, ‘हुर्रा रे हुर्रा’. रुचिरा चक्क नाचली. बाळाच्याही तोंडून ‘हुर्रा’ निघून गेलं, मग लक्षात आल्यावर तो थांबला. अखंड कुलूप माझ्या तळहातावर होतं, एक ओरखडा नाही. आबांचा मान वाचला.

झाकण मानकऱ्यानेच उचलायचं असतं. आबा म्हणाले, “माजी कंबर धरलीय. जावईबुवा, तुमी उचला, मी हात लावतो.” गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं. मी झाकण चार बोटं वर केलं, आणि आत, लाल कापडावर, देवीच्या रूपाला टेकून, लाल गोंडा लावलेली चावी पडली होती.

चावी पेटीत! गेल्या वर्षी आबांनी रूपं ठेवताना चावी आत ठेवली होती आणि कुलूप दाबून टाकलं होतं. आता झाकण पूर्ण वर गेलं की दोनशे माणसं हे बघणार, मोबाईल बघणार. कुलूप अखंड राहिलं तरी काय उपयोग? ‘म्हातारा चळला, चावी पेटीतच ठेवून वर्षभर फिरला’ असं म्हणत बाळा चावी मागणार, आणि या वेळी गाव त्याचं ऐकणार. गावातलं हसू मानापेक्षा लवकर पसरतं.

“...आणि चुकलंमाकलं पोटात घाल गे आई!” गुरव म्हणाला.

“व्हय म्हाराजा!” दोनशे माथी खाली वाकली. बाळाचंही वाकलं, आणि त्याच्या हातातल्या मोबाईलने मुंबईला देवळाची फरशी दाखवली.

त्या वाकलेल्या क्षणात मी, विमा कचेरीतला नाकासमोर चालणारा माणूस, लेखी अर्ज देऊन, आधार कार्ड दाखवून, साक्षात देवीच्या पेटीत हात घातला आणि चावी चोरली. शर्टाच्या बाहीत सरकवली. मग झाकण पूर्ण उघडलं. रूपं झळकली आणि लोकांनी पुन्हा आरोळी ठोकली. बाही दाबून धरायला मी हात जोडून वाकलो आणि सगळ्यांना ती भक्ती वाटली.

पालखी सजली, नाचत बाहेर पडली. आमच्या घरी ती तासाभराने येणार होती, म्हणून मी आणि आबा पुढे निघालो. जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाडीवरून ते हळूहळू चढत होते, मी मागे. चावी बाहीतून खिशात गेली होती. ती आबांना कशी द्यायची, कुठल्या शब्दांत, की तांदळाच्या डब्यात टाकून सासूबाईंना सापडू द्यायची, याची मी जुळवाजुळव करत होतो. त्यांना लाज वाटता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

“जावईबुवा,” आबा पुढे बघतच म्हणाले, “रूपाच्या डावीकडं व्हती का उजवीकडं?”

मी पायरीवर उभाच राहिलो.

“डावीकडे,” मी म्हणालो.

“हां. मंग बरोबर.” त्यांनी मागे न वळता हात पसरला. मी चावी त्यावर ठेवली. त्यांनी ती चंचीत टाकली.

“आबा, तुम्हाला माहीत होतं?”

“दिवाळीला आटवलं. ह्या हातानं ठेवली न्‌ ह्याच हातानं कुलूप दाबलं.”

“मग मला आधी सांगायचं ना! मी बघून ओरडलो असतो तर? नुसतं ‘अरे, ही बघा चावी’ म्हणालो असतो तर?”

आबा थांबले. वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मिशीखाली हसू होतं.

“तर मान बाळाला दिला असता. आनि पोरीसाटी जावई चुकला, असं मनाशी म्हनलं असतं. सांगून उचलली असतीत तर मला काय कळलं असतं? बारा वर्सं झाली, तुमी कसे त्ये ठरत नव्हतं.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही दोघंही त्या पाखाडीत खोकला येईपर्यंत हसत सुटलो. ढोल खालच्या वळणावर आले तेव्हा कुठे ते सावरले.

“चला,” आबा डोळे पुसत म्हणाले, “पालखी येल, हातपाय धुवायचे हायेत.”